परीक्षेची बरणी

"चार बंडलं कुठं आहेत?"

एक्स्टर्नल सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्या कॉलेजातून परीक्षा घ्यायला आलेला माणूस. सकाळपासून उभ्याउभ्या सत्तावीस टेबलं उरकली होती आणि आता अठ्ठाविसाव्यापाशी गाडी अडली होती. मायक्रोस्कोपवरचा डोळा उचलायलाही ते तयार नव्हते.

"दिसत नाहीयेत, सर," वहिनी म्हणाली.

"दिसत नाहीयेत, की नाहीतच?"

वहिनीनं ओठ चावला. "नाहीतच, सर."

सिंकपाशी उभ्या असलेल्या मामांच्या हातातला ट्रे किणकिणला. सगळ्या प्रयोगशाळेनं वळून पाहिलं, इतकी शांतता होती.

मामा म्हणजे वनस्पतिशास्त्र विभागाचे शिपाई. कागदावर त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं भारदस्त होतं, पण चौतीस वर्षांत तो शब्द नेमणुकीच्या पत्राबाहेर कुणी उच्चारला नव्हता. विद्यार्थ्यांचे मामा, प्राध्यापकांचे मामा, आणि एकदा तर खुद्द प्राचार्यांनी भर सभेत 'आमचे मामा' म्हटलं होतं. परीक्षेला लागणारं प्रत्येक पान, फूल, खोड तेच शोधून आणत. कुठल्या भिंतीमागे काय उगवतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीला दोन महिने उरले होते, तरी "मामांशिवाय प्रॅक्टिकल होणार कसं?" म्हणून मॅडमनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचं पत्र वर पाठवलं होतं.

आणि वहिनी ही काही कुणाची वहिनी नव्हे. शेवटच्या वर्षाला असताना लग्न झालं, शिक्षण सुटलं, आठ वर्षांनी पहिलीतल्या मुलीला शाळेत सोडून ती परत वर्गात येऊन बसली. बाकीची पोरं तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी 'वहिनी' करून टाकली. मामा मात्र तिला पोरी म्हणत. गेल्या वर्षी ती याच प्रॅक्टिकलला नापास झाली होती. या वर्षी जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. आज घसरली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून श्रीगणेशा. एका शाळेनं तिला शिक्षिका म्हणून घेतलं होतं, तेही यंदा पदवी हातात पडेल या बोलीवर.

"ही उत्तरपत्रिकेतली आकृती बघा, मॅडम," एक्स्टर्नल सर विभागप्रमुख मॅडमना म्हणाले. "कोपरे रिकामे. आणि खाली काय लिहिलंय? 'कोपऱ्यांत बंडलं नाहीत, म्हणून हे खोड पारिजातकाचं नाही.' म्हणजे आपण सगळे मूर्ख!"

कुणीतरी फिसकन हसलं.

आता हे बंडलांचं प्रकरण समजून घेतलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं होतं. पारिजातकाची कोवळी फांदी चौकोनी असते. ब्लेडनं तिची कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकती कापायची, लाल रंगात बुडवायची आणि मायक्रोस्कोपखाली धरायची. मधे पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचं कडं दिसतं, तसं ते पुष्कळ झाडांत असतं. पारिजातकाची गंमत अशी, की त्याच्या चारही कोपऱ्यांत नळ्यांचा एकेक वेगळा जुडगा असतो, तोही उलटा बसलेला. हाच तो बंडल. वर्गात शिकवलेल्या दुसऱ्या कुठल्याच खोडात असं नाही. त्यामुळे परीक्षेत चौकोनी काडी हातात आली, की पोरांचे चेहरे उजळतात.

"सत्तावीस जणांना चार बंडलं दिसली," सर बोटं नाचवत म्हणाले. "एकाच बरणीतलं मटेरियल. तुलाच तेवढी दिसत नाहीत. मग ही चकती आली कुठून? घरून आणलीस?"

"नाही, सर!"

"नाचता येईना अंगण वाकडं! कापायला जमत नाही, म्हणून कुठल्यातरी झाडाची तयार चकती डबीत घालून आणायची. असले नग आम्ही दर वर्षी बघतो. झाड तरी नीट बघून आणायचं!"

"सर, मामांनी दिलेल्या काडीचीच चकती आहे. मला दिसलं तेच काढलं मी."

मामांनी ट्रे ओट्यावर ठेवला. 'दिसेल तेच काढ' हे शब्द त्यांचे होते. गेल्या वर्षी वहिनी नापास झाली ती पाठ केलेली आकृती काढून. दिलं होतं एक खोड, काढलं दुसरंच. निकालानंतर ती रिकाम्या प्रयोगशाळेत रडत बसली होती, तेव्हा मामांनी तिच्यापुढे एक बटाटा आणि अर्धं ब्लेड ठेवलं होतं. "रडून सेक्शन पातळ होत नाही पोरी. बटाट्याला खाच पाड, काडी त्यात बसव आणि काप. शंभर काप. आणि पुस्तक घरी ठेवून ये. डोळ्यांना दिसेल तेच काढायचं, डोक्यातलं नाही." वर्षभर दर शनिवारी ती कापत आली होती. आता सगळ्या बॅचमध्ये तिच्याइतका पातळ काप कुणाचा नव्हता.

मॅडमनी कपाळ चोळलं. दुपारची दुसरी बॅच बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन थांबलीही होती. "सगळ्यांनी स्लाइड्स टेबलावर ठेवून बाहेर जा," त्या म्हणाल्या. "वहिनी, तू दारापाशी थांब. मामा, आत या जरा."

आत म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली सामानाची खोली. रंगाच्या बाटल्या, चिमटे, वाळलेल्या पानांचे गठ्ठे आणि भिंतभर बरण्या. मामांचं अर्धं आयुष्य या खोलीत गेलं होतं. कुठल्या फळीवर काय आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. अलीकडे तर ते तसंच सांगत होते, पण ते कुणाला कळलेलं नव्हतं.

मॅडमनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. वर मोठ्या अक्षरांत 'गैरप्रकार' असं होतं. तेवढं मामांना वाचता आलं. खालची बारीक अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

"वाचून दाखवते. 'परीक्षार्थीस दिलेले साहित्य सीलबंद बरणीतूनच दिले आणि ते योग्य होते, असे मी प्रमाणित करतो.' खाली साहित्य देणाऱ्याची सही. करून टाका."

"तिचं काय होईल, मॅडम?"

"तीन वर्षं बसता येणार नाही."

"तिला तीन वर्षं नाहीत हो. अभ्यासक्रमच बंद होतोय."

"मला माहीत नाही का?" मॅडम चिडल्या, आणि चिडल्या म्हणजे त्यांनाही वाईट वाटत होतं, एवढं मामा ओळखून होते. "पण तिनंच हात दाखवून अवलक्षण केलं ना! बरणी तुमची, सील माझं. त्यात खोट असणं शक्य आहे का? तुम्हीच सांगा."

मामांनी पेन हातात घेतलं. सही कुठं करायची ती रेघ त्यांना सापडेना.

"मॅडम, दहा मिनिटं द्या. तोवर टेबलं आवरतो, दुसरी बॅच उभी आहे."

"आवरा. स्लाइड्स धुऊन टाका. आम्ही चहा घेऊन येतो, तोपर्यंत सही झालेली असू द्या."

दार लागलं. मामा स्टुलावर बसले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्यांना चौसष्टाव्या वर्षी कळत होतं. छे, चौसष्ट कुठले, साठच. पण त्या दहा मिनिटांत चारेक वर्षं सहज उडाली असतील.

कारण मामांना एक सकाळ आठवत होती.

विभागाची पद्धत अशी, की परीक्षेचं खोड दीड महिना आधी आणून स्पिरिटमध्ये घालायचं. बरणी भरायची मामांनी. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर मॅडमनी सही ठोकायची. ती पट्टी परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नलसमोरच फाडायची. पट्टी सगळे तपासत, तारीख बघत, सही बघत. बरणीत काय आहे ते कुणी बघत नसे. मामांची बरणी आणखी काय बघायची?

पण यंदा वसतिगृहाजवळचं जुनं पारिजातकाचं झाड दुचाक्या लावायच्या शेडसाठी तोडून टाकलं होतं. उरलेलं एक झुडूप पंपाच्या खोलीमागे, घाणेरीच्या दाट कुंपणात गुरफटलेलं. मामा भल्या सकाळी कात्री घेऊन गेले, तर माळ्यानं आदल्याच दिवशी सगळं एकसारखं छाटलेलं. फूल नाही, कळी नाही. सर्दीनं नाक चोंदलेलं, आणि डोळ्यांची तऱ्हा अशी, की उजव्या डोळ्यापुढे सदा दूध सांडल्यासारखं आणि डावा त्याच वाटेवर. बायको सहा महिने कानीकपाळी ओरडत होती. "मोतीबिंदू आहे, दाखवून घ्या." मामांचं उत्तर ठरलेलं. "दाखवलं की सुट्टी, सुट्टी झाली की बोभाटा, बोभाटा झाला की दोन वर्षांचं पत्र गेलं बोंबलत. निवृत्त होऊन मी काय तुझ्याकडे बघत बसू?" त्यावर ती म्हणाली होती, "बघाल कशानं?"

म्हणून त्या सकाळी मामांनी बोटांवर भरवसा ठेवला. काडी चौकोनी आहे? आहे. पान खरबरीत आहे? आहे. झालं! पारिजातकाचं पान खरबरीत असतंच. घाणेरीचंही असतं. काडीही चौकोनी असते. एरवी चुरगळलेल्या पानाचा वास दहा हातांवरून सांगतो, की ही घाणेरी. पण नाक रजेवर होतं. मामांना तेव्हा क्षणभर वाटलं होतं, की माळ्याला बोलावून एकदा विचारावं. पण चौतीस वर्षांच्या मामांनी माळ्याला विचारायचं, की हा पारिजातकच ना? नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. त्यांनी काड्या कापल्या, पानं काढून टाकली, बरणी भरली. स्पिरिटमध्ये महिनाभरानं सगळ्या काड्यांचे रंग उडतात. मग चौकोनी तेवढी चौकोनी, फिकट तेवढी फिकट.

मामा उठले आणि बरणीत हात घातला. चाळीसेक तुकडे उरले होते, दुसऱ्या बॅचचे. एकेक तुकडा बोटांत फिरवून ते बाजूच्या बशीत ठेवू लागले. गुळगुळीत. गुळगुळीत. हाही गुळगुळीत. दहा झाले, वीस झाले. मामांचा श्वास थोडा मोकळा झाला. साप म्हणून भुई धोपटतोय आपण, त्यांना वाटलं. पोरीच्याच हातून काहीतरी झालं असेल. तिसाव्या तुकड्याला तर ते मनाशी पुटपुटले, "सुटलो रे बाबा."

छत्तिसावा तुकडा बोटाला टोचला.

त्यांनी तो परत फिरवला. पुन्हा टोचला. अगदी बारीक, खाली वळलेला, कडक काटा. कोवळ्या घाणेरीला नसला तरी जून फांदीला असतो, तसा. पारिजातकाला काटा नसतो. कोवळ्या नाही, जून नाही, कुठल्याच फांदीला नाही. हे सांगायला मायक्रोस्कोप लागत नाही.

पण एका काट्यानं काय ठरतं? चुकून एखादीच काडी आली असेल, बाकीचा पारिजातकच असेल. मामा बाहेर गेले आणि समोरच्या टेबलावरची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. हे टेबल 'पहिल्या नंबर'चं, दर वर्षी विभागात पहिला येणाऱ्या मुलाचं. त्याच्या उत्तरपत्रिकेत चार बंडलं कशी ठसठशीत काढलेली. मामांनी डावा डोळा लावला. लाल धुकं. चाक फिरवलं. धुकं दाट झालं, विरळ झालं. कोपरे आहेत की नाहीत, कोपऱ्यांत काही आहे की नाही, काही म्हणता काही कळेना. मामांनी डोळा चोळला, पुन्हा लावला. चौतीस वर्षं ज्या नळीतून ते बघत आले, तिनं दार लावून घेतलं होतं.

"मामा, काय करताय?"

मॅडम चहा न घेताच परतल्या होत्या. मामांनी हातातला तुकडा पुढे केला. मॅडमनी तो घेतला, काट्यावरून अंगठा फिरवला आणि आधी प्रयोगशाळेचं दार लावलं.

"एकच आहे?"

"काटा एकालाच. बाकीचं मला सांगता येत नाही. तुम्ही बघा या स्लाइडमध्ये."

मॅडम वाकल्या. एक मिनिट गेलं असेल. उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याचा रंग मामांना दिसला नाही, पण आवाज ऐकू आला. तो वेगळाच होता.

"काही नाहीये कोपऱ्यांत."

"मग या पोरानं चार कुठून काढली?"

"पुस्तकातून." मॅडम खुर्चीवर बसल्या. "सगळ्यांनीच. चौकोनी खोड दिसलं, की चार बंडलं. मीच शिकवलंय तसं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बारा वर्षांत मी तुमची बरणी एकदा तपासली नाही, मामा."

"चूक माझी आहे, मॅडम. मला दिसत नाही. सहा महिने झाले."

"हळू बोला!" बाहेर दुसऱ्या बॅचचा गलका वाढत होता. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि भराभर बोलू लागल्या. "ऐका. मी त्यांना समजावते, फॉर्म भरायला नको म्हणून. पोरीला नुसतं नापास करतील. तुम्ही सहीच करू नका. दुसऱ्या बॅचला दुसरा प्रश्न देऊ. नाहीतर काय होईल ठाऊक आहे? सगळी परीक्षा रद्द. सत्तावीस मुलांच्या उत्तरपत्रिका खोट्या ठरतील. विभागाची छी-थू. तुमची चौकशी, निवृत्तीच्या तोंडावर! एकीसाठी सगळ्यांना फासावर द्यायचं?"

"पण ती नापास झाली की संपलं तिचं."

"मला कळतंय हो!" त्यांचा आवाज फाटला. "बरणी ओता. स्लाइड्स धुवा. मी सरांना दहा मिनिटं थोपवते."

त्या गेल्या. मामांनी टेबलांवरून स्लाइड्स गोळा करून ट्रेमध्ये रचल्या. सत्तावीस. अठ्ठाविसावी, वहिनीची, सरांनी पुरावा म्हणून वेगळी ठेवली होती. मामांना राग आला. मॅडमचा नव्हे, सरांचाही नव्हे. डोळ्यांचा आला, आणि त्याहून जास्त तोंडाचा, जे सहा महिने मिटून बसलं. तरी पाय सिंककडेच चालले होते. माणूस चौतीस वर्षं सांगितलेलं ऐकतो, तेव्हा पायांना सवय लागते. ट्रे नळाखाली धरला. नळ सोडला. पाणी अजून काचांना लागलं नव्हतं, ट्रेच्या कडेवर पडत होतं.

"मामा."

दार किलकिलं करून वहिनी उभी होती. बोटं सॅफ्रानिनच्या रंगानं लाल.

"मामा, मी आत येत नाही. एकच विचारते. मी चुकीचं बघितलं का?"

नळ चालूच होता.

"मी तीन काप बघितले. पहिल्यात नव्हती, म्हणून दुसरा केला. त्यातही नाही, म्हणून तिसरा. सगळ्यांना दिसतात म्हटल्यावर मला वाटायला लागलं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे. चार ठिपके काढून टाकायचे होते ना, काय बिघडलं असतं? हातात पेन्सिल घेतली होती मी. पण तुम्ही म्हणालात ना, दिसेल तेच." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला दोष देत नाहीये. पण माझंच चुकलं असेल तर सांगा, म्हणजे घरी जाऊन मुलीला तोंड दाखवता येईल. एवढंच कळू द्या."

मामांनी नळ बंद केला.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्यांनी जन्मभर ऐकली होती. चोर आपणच असलो, की ती कशी लागते, ते आज कळलं. आणि ही बया भांडतही नव्हती. भांडली असती, तर सोपं गेलं असतं.

"तू बरोबर बघितलंस पोरी," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर. तो ट्रे घे. माझ्या हातून पडेल."

मॅडमच्या केबिनमध्ये सर फॉर्म पुढ्यात घेऊन बसले होते. मामा बरणी घेऊन आत शिरले, मागून वहिनी. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सर, ही बरणी मी भरली," मामा म्हणाले. उभं राहूनच म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "त्यात पारिजातक नाही, घाणेरी आहे. हा काटा बघा. मला मोतीबिंदू आहे, मी लपवला. सकाळी अंधुकात कापलं, कुणाला विचारलं नाही. हिनं घरून काही आणलं नाही. मीच तिला चुकीचं खोड दिलं आणि तिनं ते बरोबर ओळखलं."

"काहीतरी बोलू नका," सर म्हणाले. "मग बाकीच्या सत्तावीस जणांना—"

"त्यांच्या स्लाइड्स आणल्यात. धुतल्या नाहीत."

यानंतर जे झालं, त्यात आवाज असा झालाच नाही. सरांनी मायक्रोस्कोप मागवला. पहिली स्लाइड लावली, काढली. दुसरी, तिसरी. पाचवीपर्यंत त्यांचा हात भराभर चालला, मग हळू होत गेला. वहिनी एकेक स्लाइड पुसून पुढे ठेवत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मामा भिंतीला टेकून काच काचेला लागल्याचा आवाज मोजत होते. सत्तावीस झाले.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या दोन स्लाइड्स सकाळी मी स्वतः बघितल्या होत्या," ते म्हणाले. "सह्या केल्यात मी त्यांच्यावर." त्यांनी दोन्ही स्लाइड्स बाजूला काढल्या. "मॅडम, मलाही चार दिसली होती."

त्यांनी गैरप्रकाराचा फॉर्म उभा फाडला, मग आडवा. एक रेघांचा कोरा कागद मामांपुढे सरकवला. मामा म्हणाले, मी लिहितो, पण ओळ वाकडी जाईल. वहिनीनं रेघेवर बोट ठेवलं आणि त्या बोटाच्या आधारानं मामांनी आपली चूक आपल्या अक्षरात लिहून खाली सही केली.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी नव्यानं झाली, दोन्ही बॅचची. ताज्या काड्या आणायला मॅडम स्वतः माळ्याला घेऊन पंपाच्या खोलीमागे गेल्या आणि एकेक पान चुरगळून, वास घेऊन त्यांनी फांद्या कापल्या. मामांना आत यायची मनाई होती. सामानाच्या खोलीच्या किल्ल्या आदल्या संध्याकाळीच ऑफिसच्या कारकुनाकडे जमा झाल्या होत्या. दोन वर्षांच्या पत्राचं नाव कुणी काढलं नाही, मामांनीही नाही. सत्तावीस पोरांतली काही त्यांच्या समोरून मान वळवून गेली. पहिला नंबर तर चक्क म्हणाला, "मामा, तुमच्यामुळे परत बसावं लागतंय." मामा म्हणाले, "बस की. या वेळी बघून काढ."

बायकोनं डॉक्टरची वेळ दुपारची घेतली होती. तोवर घरी थांबा म्हणाली होती. पण सकाळी नऊ वाजता पाय आपसूक कॉलेजकडे वळले आणि मामा कॉरिडॉरमधल्या बाकावर येऊन बसले. कोण बाहेर आलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखत बसले.

वहिनी शेवटून दुसरी आली. बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

"होती का?" मामांनी विचारलं.

"होती. उलटी बसलेली. पहिल्यांदाच एवढी स्वच्छ बघितली."

"चारही?"

ती घुटमळली. "माझा एक कोपरा फाटला मामा, काप उचलताना. वेळ संपत आला होता, दुसरा करता आला नाही. स्लाइडमध्ये तीनच आली."

मामा तिच्याकडे वळले. "मग काढलीस किती?"

"तीन. आणि चौथ्या जागी लिहिलं, 'कोपरा फाटला आहे.'"

"आणि सर?"

"सरांनी बराच वेळ बघितलं. स्लाइड बघितली, उत्तरपत्रिका बघितली, परत स्लाइड बघितली. आणि सही केली. जाताना तेवढं म्हणाले, शाळेत कधीपासून शिकवायला जाणार?"

मामांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. डोळ्यांपुढचं दूध आणखीच पातळ झालं. त्यांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली असेल."

ती गेली. कॉरिडॉर रिकामा झाला. आत कुणीतरी स्लाइड्स धुवायला घेतल्या होत्या, ऑफिसमधून पाठवलेला कुणी असावा. त्यानं नळ पुरा सोडला होता. इतका सोडायचा नसतो. पातळ काचा धारेखाली टिकत नाहीत, आधी बशीत पाणी घेऊन एकेक सोडवाव्या लागतात.

एक काच फुटल्याचा आवाज आला. मामा अर्धवट उठले, मग पुन्हा बाकावर बसले.